जीपच्या काचेवरचा हात

उजाडता उजाडता मी वाडीत पोचले, तेव्हा आप्पासोंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जानेवारीची थंडी. माणसं घोंगड्या लपेटून उभी होती, बायकांच्या हातात हळदीकुंकवाची ताटं होती आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळलेली. अंगणाच्या मधोमध एक जुनी जीप उभी होती. तिला झेंडूच्या माळा घातलेल्या, ताडपत्री चारी बाजूंनी करकचून बांधलेली. आत दाटीवाटीनं बसलेली माणसं टाळ कुटत भजन म्हणत होती.

"आला! हात आला!" आतून कुणीतरी ओरडलं, आणि अंगणातली माणसं जागच्या जागी गुडघ्यांवर बसली.

मी वाट काढत पुढं गेले. जीपची पुढची काच मधल्या पट्टीनं दुभागलेली होती. ड्रायव्हरशेजारच्या डाव्या भागावर, आतल्या बाजूनं, पांढुरक्या वाफेतून एक पंजा हळूहळू वर येत होता. पाच बोटं पसरलेली, आणि त्यातली करंगळीजवळचं बोट अर्ध्यावरच संपलेलं. मी डॉक्टर आहे, माणसं मरताना पाहिली आहेत. तरी खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण ते तुटकं बोट मी ओळखत होते. कडबा कुट्टीच्या यंत्रात ते तुटलं तेव्हा टाके मीच घातले होते. तो धैर्यशीलचा हात होता. आणि धैर्यशील दिवाळीतच गेला होता.

धैर्यशील म्हणजे आप्पासो आणि बनुबाईंचा एकुलता एक मुलगा. जीप त्याची. वडूजच्या बाजारात माल न्यायचा, कुणी आजारी पडलं तर त्यालाही तोच न्यायचा. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला आणि जीप अंगणात उभी राहिली. एका पहाटे बनुबाई जीपमध्ये एकट्याच जाऊन बसल्या, ताडपत्री ओढून मुसमुसत रडल्या, आणि डोळे पुसून वर पाहतात तर समोर लेकाचा हात.

ही बातमी जतकडच्या नाथाजी बुवाच्या कानावर गेली आणि तो येऊन ओसरीवर ठाण मांडून बसला.

आता तो जीपच्या बॉनेटजवळ उभा राहून सांगत होता, "माणूस जातो, माया जात न्हाई! देह कशानं गेला? विजेनं! वीज कशात ऱ्हाती? बल्बात! बल्ब कशाचा? काचेचा! मग आत्मा कुठं ऱ्हाणार? काचेतच की रं गड्यांनो!"

"व्हय, व्हय," माणसं माना डोलवत होती.

"आणि त्यो काय सांगतोय? वाचा!"

काचेच्या उजव्या भागावर, बाहेरून उलटी दिसणारी, अक्षरं उमटली होती. थांब.

या एका शब्दासाठीच मी इतक्या सकाळी आले होते. धैर्यशीलची बायको राजेश्वरी आठ महिन्यांची गरोदर होती. आदल्या दिवशी मी तिला तपासलं, तेव्हा पाय टम्म सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते आणि रक्तदाब भलताच वाढलेला. ताबडतोब साताऱ्याला नेलं नाही तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका होता. आमच्या आरोग्य केंद्राची गाडी बंद पडलेली, एसटी दुपारी. वाडीत एकच वाहन होतं, ही जीप. पण घरच्यांनी आदल्या दिवशीच नकार दिला होता. बुवानं सांगून ठेवलेलं, धैर्यशील परत येतोय, राजेश्वरीच्या पोटी. तिनं उंबरा ओलांडला की तो कायमचा गेला. आणि काच पुसायची नाही, पुसली की आत्मा बेघर.

"बनुबाई," मी म्हणाले, "पोर मरेल हो."

त्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्याल्या. पर माजं लेकरू हात दावून थांब म्हंतंय. मी त्येला दुसऱ्यांदा कसं घालवू?"

मी ताडपत्री उचलली आणि जीपमध्ये शिरले. आत उबट, दमट हवा कोंडलेली. शिरल्याबरोबर माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि मला काही दिसेना. चष्मा काढून हातात घेतला, तर भिंगावरच्या वाफेत माझ्या अंगठ्याचा ठसा रेषान् रेष उमटलेला.

मी त्या ठशाकडं पाहत राहिले. मग काचेवरच्या हाताकडं पाहिलं.

"बुवा," मी बाहेर येऊन विचारलं, "हा हात भजनाशिवाय येतो का?"

"भक्तीबिगर कसा येईल?"

"मग भजन चालू राहू दे. पण अंगणात बसून म्हणा. जीप रिकामी करा आणि ताडपत्री सोडा."

"आत्म्याची परीक्षा घ्यायची न्हाई!" बुवा खेकसला.

पण आप्पासो उठले. ते फौजेत ड्रायव्हर होते, कमी बोलणारे. त्यांनी एकेक गाठ सोडली, माणसं खाली उतरवली. टाळ दुप्पट जोरानं वाजू लागले. गार वारा जीपमधून आरपार गेला, काचेवरची वाफ विरली आणि तिच्याबरोबर हातही गेला, थांबही गेलं. पुष्कळ वाट पाहिली. काही आलं नाही.

"रुसला त्यो!" बुवा म्हणाला.

"बनुबाई, तुम्ही या," मी म्हणाले. त्या समईत तेल घालून आल्या होत्या, बोटं अजून ओशट होती. मी त्यांना जीपमध्ये बसवलं, त्यांचा पंजा काचेच्या मोकळ्या कोपऱ्यावर दाबला आणि त्यांच्याच पदरानं ती जागा कोरडी पुसली. काच नितळ दिसू लागली. "आता तोंड जवळ नेऊन वाफ सोडा. हा... अशी."

त्यांनी वाफ सोडली. काच धुरकटली आणि त्या धुरकटपणातून एक पंजा वर आला. लहानसा, बोटं थोडी वाकलेली.

बनुबाई दचकून मागं सरकल्या. "ह्यो माजा हात हाय," त्या पुटपुटल्या. मग माझ्याकडं वळून एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "पर मी तर जित्ती हाय!"

अंगणातली माणसं जीपभोवती गोळा झाली. टाळ थांबले होते.

"वाफ स्वच्छ काचेवर एका तऱ्हेनं बसते आणि तेलकट काचेवर दुसऱ्या," मी सांगितलं. "कोरड्या फडक्यानं तेल निघत नाही, नुसतं दिसेनासं होतं. वाफ धरली की पुन्हा दिसतं. आत पंधरा माणसं तोंड उघडून गात असली की वाफेला काय तोटा? आणि पहिल्या दिवशी बनुबाई, तुम्ही आत कोंडून घेऊन रडलात. तुमच्याच श्वासानं तो दिसला."

"आणि अक्षरं? अक्षरं कुणी लिवली?" बुवा गरजला. "मेल्याली माणसंच लिवत्यात तसं!"

मी तांब्यातलं पाणी उजव्या काचेवर आतून शिंपडलं आणि जिथं थांब दिसत होतं तिथं बोट घासलं. बोटाखाली पांढरा फेस आला. शेजारच्या हरणाबाई पुढं झाल्या, त्यांनी माझं बोट धरून नाकाशी नेलं.

"अगं बया! ह्यो तर बुवाचा चंदनाचा साबण! रोज मीच त्येला आंघुळीचं पाणी काढून देती. आमी म्हणायचो, साधुपुरुष हाय, अंगाला कसा चंदनाचा वास येतो!"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू अंगणभर पसरलं. बुवा काहीबाही शाप पुटपुटत झोळी घेऊन पाणंदीच्या वाटेला लागला. त्याला कुणी अडवलं नाही.

हसल्या नाहीत त्या फक्त बनुबाई. त्यांनी हळूच विचारलं, "मंग त्यो पयला हात? त्योबी बुवाचाच?"

मी आप्पासोंकडं पाहिलं.

"त्यो त्येचाच हाय," ते म्हणाले. "दिवाळीच्या आदी काचंचं रबर निसटलं हुतं. मी भायरनं रबर बसवत हुतो, त्यो आतनं हातानं काच दाबून बसला हुता. हात गिरीसनं भरल्याला. मागनं कोरड्या फडक्यानं पुसली आन् सोडली."

तेवढ्यात घराच्या दारात राजेश्वरी आली. चौकट घट्ट धरून ती उभी होती, चेहरा सुजलेला.

"आत्या," ती बनुबाईंना म्हणाली, "मला समोरचं नीट दिसंना झालंय."

आप्पासोंनी गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवला, जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि उजवी काच आतून घासायला लागले. अंगाऱ्याचा, उदबत्तीच्या धुराचा, तेलाचा थर काळा होऊन ओघळला. काच लख्ख झाली. मग ते डाव्या काचेपाशी आले आणि त्यांचा हात थबकला.

"ती राहू द्या," मी म्हणाले. "ड्रायव्हरची बाजू साफ झाली, तेवढं पुरे."

राजेश्वरीला मागं झोपवलं, मी तिच्याजवळ बसले. आप्पासो गाडी चालवायला, बनुबाई पुढं त्यांच्या डाव्या बाजूला. पुसेगावपर्यंत आमच्या श्वासांनी डावी काच धूसर राहिली आणि तो पंजा बनुबाईंच्या समोर होता. कोरेगावच्या अलीकडं ऊन चढलं, वाफ विरली, हात दिसेनासा झाला. त्याच वेळी मागं राजेश्वरी कण्हली. बनुबाई काचेकडं पाठ करून वळल्या आणि साताऱ्यापर्यंत सुनेचा हात धरून बसल्या.

ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, मुठीएवढी, पण रडली. राजेश्वरीही वाचली. मुलगी म्हटल्यावर बनुबाई काय म्हणतील याची मला धास्ती वाटली. बुवानं यांना धैर्यशील परत येणार म्हणून सांगितलेलं. मी बाळ बनुबाईंच्या ओटीत ठेवलं. त्यांनी त्या इवल्याशा मुठी उलगडून बराच वेळ बोटं न्याहाळली. सगळी शाबूत होती.

"माजा धैर्या गेला, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "ही येगळी हाय. ही नवी आलीया."

आणि त्या रडल्या. लेक गेल्याचं रडू मला वाटतं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं आलं.

ज्याचं माणूस जातं त्याला काचेवर, भिंतीवर, पाण्यात काहीही दिसू शकतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मलाही त्या सकाळी भीती वाटली होती. पण त्या दुःखावर आपली पथारी पसरणारा कुणी आला, तर त्याला विचारा, हे कसं होतं? ताडपत्री सोडून दाखव. आमच्यासमोर पुन्हा करून दाखव. उत्तर द्यायचं टाळून तो शाप द्यायला लागला, तर समजून जा. आणि घरात कुणी आजारी असेल, तर आधी त्याला दवाखान्यात पोचवा. चमत्काराची चौकशी नंतरही करता येते.