मस्टरवर नसलेला माणूस

हे लिहायचं नाही, असं पितांबरनं जवळपास ठरवलंच होतं. एक कागद त्यानं आधी लिहून दिला होता. चार ओळी, खाली सही. त्या चार ओळींनी जे वाटोळं व्हायचं ते झालं. आता आणखी लिहून कोणाचं भलं होणार? पण ऐन साक्षीच्या वेळी तोंड उघडलं नाही तर निदान कागद तरी असावा, म्हणून बसला. आणि पहिल्यापासून सांगायचं तर पहिली चूक त्याचीच होती.

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिक पाईपाचा कारखाना. साल त्र्याण्णव. गेटमधून आत शिरलं की दोन पाट्या. एकीवर 'आपण सारे एक कुटुंब'. दुसरीवर 'अपघाताविना दिवस', आणि पुढे खडूनं रोज एकानं वाढणारा आकडा. पितांबर पाईपाच्या मशीनवर हेल्पर. त्याचा दोस्त झिपरू ग्राइंडरवर. फुटके-वाकडे पाईप ग्राइंडरच्या तोंडात घालायचे आणि खाली चुरा गोळा करायचा, हे त्याचं काम. दोघंही ठेकेदाराची माणसं. कंपनीची नव्हेत.

वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला सहज काढता येत नाही, असा कायदा. म्हणून दोनशे तीसच्या आसपास अभिमन ठेकेदार हाक मारायचा, "चल, तुझा ब्रेक." ब्रेक म्हणजे दोन-तीन महिने घरी माशा मारायच्या, मग पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजायचे. पण झिपरूसारखा ग्राइंडरवाला दुसरा नव्हता. तेव्हा अभिमनच म्हणाला, "घरातलं दुसरं नाव दे. माणूस तोच, मस्टरवर नाव दुसरं."

झिपरूनं धुळ्याच्या चुलतभावाचं नाव दिलं, वना. फॉर्म पितांबरनं भरला, कारण दहावी शिकलेला तोच. भरताना दोघं खदाखदा हसत होते. कंपनीला बनवलं असं वाटत होतं त्यांना.

"आजपाईन माले वनाभाऊ म्हन," झिपरू म्हणाला. "मानमा म्हन."

जानेवारीत ग्राइंडरच्या तोंडावरची जाळी काढली. जाळीनं माल हळू जातो, प्रॉडक्शन मागं पडतं, असं वरून आलं. झिपरूनं दोनदा सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "भीती वाटते का? बाहेर दहा जण उभे आहेत."

मार्चमध्ये, दुपारी चारच्या सुमाराला, एक जाड पाईप अडकला. झिपरूनं तो ढकलला आणि पाईपासोबत उजवा हात आत गेला. पितांबर पंधरा पावलांवर होता. धावला, स्विच पाडला. मशीन थांबायला वेळ लागतो. तेवढ्यात चार बोटं गेली, अर्धा पंजा गेला. झिपरू ओरडलाही नाही. नुसता खाली बसला आणि म्हणाला, "पितांबर, पानी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर आकडा होता चारशे बारा. आदल्या दिवशी चारशे अकरा होता.

तिसऱ्या दिवशी पर्सोनेल साहेबांनी पितांबरला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. तीन वर्षांत तो त्या केबिनमध्ये कधी बसला नव्हता.

"पितांबरराव, तुम्ही शिकलेले. तुम्हाला समजतं," साहेब म्हणाले. "मी खोटं लिहा म्हणत नाही. मस्टरवर झिपरू आहे का?"

"नाही साहेब. पण..."

"नाही ना? मग तेवढंच लिहा. झिपरू नावाचा कोणी कामगार त्या दिवशी कामावर नव्हता. आणि वनाला काही झालेलं नाही. धुळ्यात हिंडतोय."

"पण साहेब, हात त्याचा..."

"त्याची काळजी आम्ही घेतोय. कुटुंब आहे आपलं." साहेबांनी टेबलावरचं एक पाकीट बोटानं पुढे सरकवलं. आत परमनंटचं पत्र होतं, सहा महिने प्रोबेशन. "आणि तो फॉर्म कोणाच्या अक्षरात आहे, ते आम्ही अजून विचारलेलं नाही."

पितांबरची बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती, हे त्यानं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. खरं कारण एवढंच, की तो घाबरला. चहा अर्धा टाकून त्यानं चार ओळी लिहिल्या आणि सही केली.

कंपनीनं झिपरूची काळजी घेतली ती दवाखान्यातून सोडेपर्यंत. नंतर गेटवर वॉचमननं अडवलं. भाड्याची खोली सुटली, तशी बायको भिकुबाई त्याला घेऊन धुळ्याला वनाकडे गेली. तिनंच लेबर ऑफिसात अर्ज टाकला. तिथल्या साहेबानं तिला कंपनीनं दिलेला पितांबरचा कागद वाचून दाखवला.

हे कानावर आल्यावरही पितांबर एकोणीस दिवस गेला नाही. विसाव्या दिवशी, रविवारी, धुळ्याच्या एसटीत बसला.

मार्केट यार्डामागं पत्र्याचं घर. भिकुबाई दारात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "या साहेब. परमनंट व्हयनात म्हने."

झिपरू खाटेवर होता. हातावर फडकं. "बस रे," तो म्हणाला. "वना हमालीले जायेल शे. लोक त्याना हात धरी धरी देखतस. बोटं मोजतस."

पितांबरला हसू आलं नाही. "मी खोटं नही लिखं, झिपरू."

"माहीत शे. साहेबनी वाची दाखाडं हिले. बठ्ठं खरं शे, शब्दन् शब्द. तठे झिपरू नव्हताच." त्यानं फडक्यातला हात मांडीवर घेतला. "मंग तू धावना कोनासाठे रे? स्विच कोनासाठे पाडा?"

भिकुबाईच्या सुपाचा आवाज थांबला होता.

"बारा तारखेले जळगावले तारीख शे," झिपरू म्हणाला. "साक्षीदार आन म्हनतस. आपला शिफ्टना बठ्ठासले इचारं. कोनी येत नही. तू ये असं मी म्हनत नही. फॉर्म तुना अक्षरमा शे, तुलेच फसाडतीन. नोकरी जाई. तुना घरमा आते लेकरू येई."

"जाई नोकरी," पितांबर म्हणाला.

"तोंडवर म्हनू नको. मंग तारखेले नही उना तं हिले जास्ती लागी."

पितांबरनं झिपरूचा डावा हात धरला. तो धरू देईल की नाही, याची खात्री नव्हती. झिपरूनं सोडवला नाही.

"बारा तारखेले येसू," पितांबर म्हणाला. "फॉर्म मी भरा, हाई सांगसू. मशीन मी बंद करं, हाई सांगसू. आन हात तुना व्हता झिपरू, तुना, हाई बठ्ठासना समोर सांगसू."