धुरपदा ऑइल मिल

"मालकीणबाई, गिरणी बुडाली म्हणं?"

धुरपदाबाईनं हातातली पेंडीची ढेप तशीच तराजूत ठेवली आणि मान वर केली. समोर लिंबाजी उभा. वालूरचा म्हशीवाला, सरकीची पेंड वर्षानुवर्षं तिच्याच दुकानातून नेणारा.

"कोणाची गिरणी?"

"तुमचीच की. धुरपदा ऑइल मिल. माझा भाचा कॉलेजात हाय, त्यो म्हणला फळ्यावर लिवलंय, तळाला गेली म्हणून. मंग म्हणलं, सांगून ठेवलेली पेंड आजच उचलावी. उद्या कुलूप बसलं तर माझ्या म्हशी काय तुमची पाटी चाटतील?"

"आरं, कागदावरली गिरणी हाय ती. पोरांचा खेळ."

"खेळ का असंना, नाव तर तुमचंच हाय न्हवं?"

धुरपदाबाईनं पेंड तोलून दिली. गिऱ्हाईकाचा शब्द शेवटचा ठरावा, असं सेलूच्या मोंढ्यात, त्या धान्यबाजारात, कधी घडलं नव्हतं.

तिचं शिक्षण म्हणाल तर सही येण्यापुरतं. पण नवरा गेल्यावर दीर दत्तराव दुकानाच्या गादीवर बसायला आला, तेव्हा तिनं त्याला भर बाजारात असं झोडपलं होतं, नुसत्या तोंडानं, की तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. तेव्हापासून गादीच्या मधोमध तीच. मुलगा बन्सीधर सालस होता, पण निव्वळ गाय. गिऱ्हाईकानं डोळे वटारले की हा भाव खाली आणणार. म्हणून सून आणताना तिनं हुंडा सोडून शाळा विचारली, आणि कमल घरात आल्यावर तिचं नाव कॉलेजात घातलं. बायका नाकं मुरडायला लागल्या तर म्हणाली, "तुमी सुनेला पाटल्या घातल्या, मी कॉलेज घातलं. चोरीला जायची धास्ती न्हाई."

त्या कॉलेजात वाणिज्याचे सर नवे होते. पुस्तक वाचून धंदा कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वर्गाचे चार गट पाडले आणि प्रत्येकाला कागदावरची एक तेल गिरणी दिली. दर शनिवारी ते फळ्यावर महिन्याची हकीकत लिहायचे. करडई महागली, वीज गेली, हमाल संपावर बसले. गटानं आपसात बोलून ठरवायचं, बी किती घ्यायचं, तेलाचा डबा काय भावानं विकायचा. मग सर हिशोब मांडून कोण वर, कोण खाली ते लिहायचे. लागोपाठ तीनदा तळाला गेली की ती कंपनी बंद.

त्यातच विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा मोर्चे निघाले, कॉलेजला आठवड्याच्या मधल्या वारी कुलूप पडू लागलं. शनिवार तेवढा सर कसाबसा भरवायचे. मग कमलच्या गटानं बसायचं कुठं? धुरपदाबाई म्हणाली, "आपल्या बैठकीत बसा. सुशीला करते, चहा करते." मुरमुऱ्यांच्या सुशीलेवर पोरं एवढी खूश झाली की कंपनीला धुरपदाबाईचंच नाव दिलं, आणि घर कमलचं म्हणून मॅनेजरही तीच.

धुरपदाबाई खाटेवर बसून ऐकायची. ऐकायची म्हणजे तिच्या परीनं. कोणी वाक्य पुरं करायच्या आत ती म्हणायची, "तेल सोडा. पेंड विका. माणूस तेल उसनं आणतंय, म्हैस थांबती का?" पोरं हसायची आणि मान हलवायची. पहिल्या बैठकीला कमल पदराचं टोक चावत बसली होती. गटात राधाकिशन म्हणून एक बोलका पोरगा होता, तो एकटाच बोलला. दुसऱ्या वेळी कमल मधे बोलली, पण आवाज तिचा तिलाच ऐकू आला असेल. तिसऱ्या वेळी मात्र ती म्हणाली, "राधाकिशन, तुझं झालं का? मंग आता बाकीच्याइला बोलू दे. शेवटी मी सांगते काय करायचं ते." खाटेवर धुरपदाबाईनं मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

पण फळा काही ऐकेना. रंगनाथ नावाच्या पोराच्या गटानं डबा स्वस्त करून सगळं कागदी गिऱ्हाईक ओढलं होतं, आणि धुरपदा ऑइल मिल दोनदा तळाला गेली होती. लिंबाजी पेंड घेऊन गेला त्या रात्री जेवताना तिनं सुनेला विचारलं,

"ह्या शनिवारी बी तळालाच गेली तर?"

"तर सर लिवतील, धुरपदा ऑइल मिल बंद."

"माझ्या नावापुढं? बंद?"

"आत्याबाई, खेळ हाय. आन् आमी आता नवं ठरवलंय. बी घ्यायचंच न्हाई, जुना माल काढायचा. चार दिवस भांडून ठरवलंय. बघा तरी."

बघत बसणं हे धुरपदाबाईला आयुष्यात जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती व्यंकटरावांच्या ओट्यावर जाऊन बसली. व्यंकटराव म्हणजे रंगनाथचे आजोबा. त्यांच्या लेकीची सोयरीक धुरपदाबाईनंच आपल्या भावकीत जुळवली होती.

"ताकाला आले, भांडं लपवत न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या नातवाला सांगा, ह्या शनिवारी तेलाचा भाव चढा ठेव म्हणून."

"कोणतं तेल?"

"कागदावरलं."

व्यंकटराव हसून हसून खोकायला लागले. "आओ विहीणबाई, म्हातारपणी पोराच्या खेळात?"

"हसा. तुमची लेक नांदायलीय न्हवं सुखात? मंग एवढं करा."

त्यांनी केलं. रंगनाथच्या गटानं भाव असा चढवला की सगळं गिऱ्हाईक फिरून धुरपदा ऑइल मिलच्या दारात. शनिवारी कमल पेढे घेऊनच घरी आली. पहिला पेढा सासूच्या हातावर ठेवला आणि वाकून पाया पडली. "पहिली आली, आत्याबाई. आमचं ठरवलेलं बरोबर निघालं." धुरपदाबाईनं पेढा खाल्ला. गोड लागला. बाहेर ओट्यावर जाऊन शेजारच्या सुलाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं बन्सीधरला आणखी पेढे आणायला पिटाळलं.

सोमवारी कमल घरी आली ती पायातली चप्पल तशीच ठेवून उंबऱ्यात थांबली. मग आत गेली, तोंड धुतलं, बैठकीतली एकुलती एक लाकडी खुर्ची पुढं ओढली.

"आत्याबाई, बसा."

"मी खाटेवर बसते."

"न्हाई. इथं बसा."

मागोमाग गटातली बाकीची पोरं आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कमलनं तांब्याभर पाणी सासूपुढं ठेवलं. सासू पाणी पिईपर्यंत ती थांबली.

"रंगनाथनं सांगितलं. तुमी त्याच्या आजोबाला गाठलं म्हणून."

"गाठलं. मंग? चोरी केली का?"

"सरांना मी सगळं सांगितलं. ह्यो महिना खोडा म्हणलं. शनिवारी आमी पुन्यांदा खेळणार, तळापासून."

"जिंकलेलं कामून सोडायलीस गं? कोणी मागितलं व्हतं?"

"कोणी न्हाई." कमलचा आवाज चढला नाही. "आत्याबाई, आमी चार दिवस भांडून एक गोष्ट ठरवली व्हती. ती खरी व्हती का खोटी, तेवढंच बघायचं व्हतं. तुमी ते बघूच दिलं न्हाई. पेढा वाटला मी, पण कशाचा वाटला?" तिनं रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. "इथून पुढं कंपनीच्या बैठकीत तुमी बसायचं न्हाई."

भिंतीला टेकलेल्या राधाकिशननं खाली पाहिलं.

"घर माझं," धुरपदाबाई म्हणाली. "खाट माझी. फळ्यावरलं नाव माझं."

"घर तुमचंच हाय. तुमी म्हणाल तर बैठक आत्ता मारुतीच्या पारावर नेते. नाव बी बदलते. सांगा."

धुरपदाबाईचं तोंड उघडलं. जिभेवर कितीतरी तयार होतं. दत्तरावाला ज्या शब्दांनी तिनं दुकानाबाहेर काढलं होतं, ते सगळे शब्द अजून धारदार होते. पण त्याच वेळी तिला तो दिवस आठवला. गादी हातची जाईल म्हणून ती घाबरली होती, आणि ती भीती कोणाला दिसू नये म्हणून तर ती एवढ्या मोठ्यानं ओरडली होती. गल्ली गोळा झाली होती. ह्या पोरीनं आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग काढलं. आवाज सुलाबाईच्या भिंतीपलीकडं गेला नाही.

कोणाकडून शिकली ही? माझ्याकडून तर नाही, असं तिला वाटलं, आणि ते कबूल करणं तिला फार जड गेलं.

"नाव ऱ्हाऊ दे," ती उठत म्हणाली. "बुडालं तर तुमच्या हातानं बुडू दे."

त्या आठवड्यातल्या बैठकीला तिनं सुशीला केली, चहा केला. परात घेऊन बैठकीच्या दारापाशी आली आणि थांबली. आत राधाकिशन काहीतरी सांगत होता आणि कमल म्हणत होती, "भाव आपला, मंग भीती बी आपलीच." धुरपदाबाईनं स्वतःच्या घरात, स्वतःच्या दाराची कडी दोनदा वाजवली.

"या आत्याबाई," आतून कमल म्हणाली.

"नको. घ्या बाहेरूनच." तिनं परात उंबऱ्यावरून आत सरकवली.

शनिवारी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. बन्सीधर पोती रचत होता. लिंबाजी आणखी पेंड न्यायला आला होता, आणि त्याला म्हशींपेक्षा बातमीची जास्त भूक होती.

"काय झालं म्हणं आज गिरणीचं? तरली का बुडाली?"

धुरपदाबाईलाही ठाऊक नव्हतं. सकाळपासून तिनं कोणाला विचारलं नव्हतं, कोणाच्या ओट्यावर गेली नव्हती, आणि हे तिला उपासापेक्षा कठीण गेलं होतं. तेवढ्यात समोरून कमल येताना दिसली. हातात पेढ्यांचा पुडा नव्हता. पण मान खालीही नव्हती.

"चारात तिसरी," पायरीपाशी येऊन ती म्हणाली. "आमच्या आमी."

धुरपदाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मिरवावं असं काही तिसऱ्या नंबरात नव्हतं, तरी तिनं मान हलवली.

"म्हंजी तरली का बुडाली?" लिंबाजीनं पुन्हा विचारलं.

"मॅनेजर आलीय न्हवं. तिला विचार," धुरपदाबाई म्हणाली.

आणि ती गादीवरून जरा बाजूला सरकली. इतक्या वर्षांच्या बसण्यानं गादीच्या मधोमध कापूस दबून एक खळगा पडला होता. कमल चप्पल काढून वर आली, क्षणभर त्या खळग्याकडं बघत उभी राहिली.

"बस," धुरपदाबाई काठावरून म्हणाली. "गिऱ्हाईक थांबलंय."