गाडीचा काटा आणि जानकीबाईंचा हात

खारबावच्या महादूची गाडी दसऱ्यापासून तापत होती. म्हणजे काटा तसं सांगत होता, आणि महादूचा त्या काट्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. स्टिअरिंगमागच्या फळीवर एक गोल तबकडी होती, ती इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवायची. दोनशे बारा फॅरनहाइट म्हणजे पाणी उकळलं. चार मैल झाले की काटा तिथं जाऊन बसायचा. मग महादू गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचा, आणि वज्रेश्वरीच्या गरम कुंडात गुडघे शेकायला निघालेली गिऱ्हाइकं झाडाखाली गुडघे चोळत बसायची.

गाडी विलायती, काळी, महादूपेक्षा चारच वर्षांनी लहान. भिवंडीच्या चांगदेव मिस्त्रीने पुढची जाळी साफ केली, रबरी नळ्या बदलल्या आणि शेवटी हात टेकले. "इंजिन उघडावा लागंल, महादू. आनि एकदा उघडला, तं याचे पार्ट मिलनार न्हाय." झालं. महादूने भंगारवाल्या सावळारामला शब्द देऊन टाकला. आज दुपारी तो गाडी ओढून न्यायला येणार होता, आणि सोमवारपासून महादूची कापडाच्या लूमवर ड्युटी. चौदा वर्षं स्टिअरिंग धरलेल्या हातांनी आता तुटलेली सुतं जोडायची, या विचाराने सकाळची भाकरी त्याने तशीच ठेवली होती.

अंगणात त्याच्या सासूबाई, जानकीबाई, नवं भात उकडायला हंडा चढवून बसल्या होत्या. सुगीच्या मदतीला म्हणून त्या दसऱ्याआधीच लेकीकडे आल्या होत्या. सासूने जावयाशी तोंडावर बोलायचं नाही ही त्यांच्याकडची रीत, आणि जानकीबाई रीतीच्या पक्क्या. जावई दोन हातांवर उभा असला तरी निरोप लेकीमार्फतच जायचा. बिचाऱ्या लेकीचा, कमळचा, पार पोस्टमन झाला होता.

शेवटची म्हणून महादूने गाडी नदीपर्यंत फिरवून आणली. काटा दोनशे बाराला! इंजिन बंद करून, बॉनेट उघडून तो पायरीवर डोकं धरून बसला. जानकीबाई उठल्या, गाडीपाशी गेल्या आणि जाळीवरच्या पाण्याच्या टाकीला त्यांनी सरळ तळवा लावला.

"अगं कमळ, आईंचा हात भाजंल!" महादू ओरडला.

जानकीबाईंनी सावकाश तीन मोजले आणि मग हात काढला. "कमळ, तुज्या मालकाना सांग, पानी तापलाय, पन उकळला न्हाय. उकळला पानी गप बसतंय का? वाफ कुठं हाय? काटा खोटा बोलतंय."

"आईना सांग, इंजिन म्हंजे चूल न्हाय," महादू चिडून म्हणाला.

"त्याना सांग, पानी सगलीकडं पानीच असतंय. माज्या हंड्यात पानी उकळतंय. बुडवून बघा तुमचा काटा."

कमळने निरोप पोचवायची गरज नव्हती. महादूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काट्याची तपासणी कुणी केलीच नव्हती. सगळे इंजिनालाच दोष देत बसले होते. त्याने इंजिनात बसवलेला पितळी गोळा सोडवला आणि त्याला जोडलेली तारेसारखी बारीक नळी न मोडता तबकडीसकट बाहेर काढली. गोळा राखेने तीनदा घासून घेतल्याशिवाय जानकीबाईंनी हंड्याजवळ येऊ दिला नाही. भात अजून आत पडायचं होतं, एवढंच नशीब.

उकळत्या पाण्यात काटा दोनशे बारा ओलांडून पार कडेला जाऊन थडकला. मग गोळा माठातल्या गार पाण्यात धरला. काटा उतरला तो एकशे चाळीसवर थांबला. माठातलं पाणी एकशे चाळीस! सकाळी गार गाडीत काटा कुठं असतो ते पाहायचं महादूला कधी सुचलंच नव्हतं.

त्याने तबकडीची काच काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. काट्याच्या मुळाशी वाळलेल्या कुंकवाचा खडा होता. दसऱ्याला गाडी पूजताना, उगाच भक्तीचा उमाळा येऊन, त्यानेच काच उघडून काट्याला बोट टेकवलं होतं. अंमळ जोरात टेकवलं. काटा आपल्या दांड्यावर सरकला आणि तेव्हापासून लबाड झाला. करून सवरून नामानिराळा कोण, तर पुजारी!

त्याने काटा हलकेच उपटला, गोळा पुन्हा उकळत्या पाण्यात धरला आणि काटा बरोब्बर दोनशे बारावर दाबून बसवला. सगळं जागच्या जागी लावून तो चार मैलांवरच्या वडाच्या वळणापर्यंत जाऊन आला. काटा दीडशेवर निवांत.

दुपारी सावळाराम दोर घेऊन आला. महादूने त्याला चहा पाजला आणि हात जोडून रिकामाच परत पाठवलं. महादूचं मन भरून आलं होतं. देवाचे आभार तर तो मानतच होता, पण देव या वेळी अंगणात चुलीपुढे बसला होता, हेही त्याला ठाऊक होतं.

गाडीची पुन्हा पूजा करायची म्हणून नारळ आला. कमळ कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. जानकीबाई दसऱ्याला उभ्या होत्या तिथंच, दाराआड, उभ्या राहिल्या. नवरा गेल्यापासून दहा वर्षं त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता, आणि कुणी लाव म्हटलंही नव्हतं. महादूने कमळच्या हातून करंडा घेतला आणि सरळ दाराशी गेला.

"आई, तुमी लावा."

त्या दोन पावलं मागे सरल्या. "कमळ, सांग त्याना, माजा हात नको."

"ह्याच हातानं माजी गाडी वाचली," महादू म्हणाला. त्याने करंडा पुढे धरला. "माजी रोजी वाचली, आई. दुसऱ्या कुनाचा हात मना नको."

जानकीबाईंनी पदर सावरला. मग बाहेर आल्या, बोट कुंकवात बुडवलं आणि बॉनेटवर एक ठसठशीत टिळा ओढला. डोळे पुसून त्यांनी जावयाकडे पाहिलं, लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, सरळ.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "आता काच उघडू नका हां."