लीलाबाईंची नऊ पावलं

लीलाबाईंच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं, त्याला आज तिसरा दिवस होता. या तीन दिवसांत त्यांचे मालक, आकाराम सुभेदार, यांनी सिंकवर पंपानं हल्ला केला, तारेनं केला, दोन बादल्या उकळतं पाणी ओतून पाहिलं आणि शेवटी इस्लामपूरहून सूरज प्लंबरला बोलावलं. सूरज आला तो फरशी फोडायचं मशीन घेऊनच.

"पाइप सरळ खालनं गेला असनार. दोन फरश्या काढाव्या लागतील," तो म्हणाला.

"चार काढ," सुभेदार म्हणाले. पेन्शनीत येऊन दोन वर्षं झाली, तरी हुकूम सोडायची सवय गेली नव्हती.

लीलाबाई उठल्या आणि मशीनच्या आडव्या उभ्या राहिल्या. ही फरशी त्यांनी सांगलीहून टेंपोनं आणली होती. एकही फुटू नये म्हणून मागं गोधडी टाकून, फरश्या धरून बसून आल्या होत्या. घर बांधलं तेव्हा सुभेदार सरहद्दीवर. भिंतींना पाणी मारलं ते बाईंनी, गवंड्याशी भांडल्या त्याही बाईच. बावीस वर्षांत त्या फरशीला एक तडा गेला नव्हता, आणि आज तो जाऊ द्यायचा त्यांचा विचार नव्हता.

"सूरज, मशीन भाईर ने. पाइप सरळ गेलाच न्हाई. खाली काळा पाषाण लागला, म्हणून गवंड्यानं मागं परड्याकडं वळवला. न्हाणीच्या कोपऱ्यापास्नं नऊ पावलांवर चेंबर हाय."

"परड्यात चेंबर?" सुभेदार म्हणाले. "मला तर कवा दिसला न्हाई."

"दिसंल कसा? आधीच मातीखाली, त्यात घरी आल्या आल्या तुमी त्याच्यावर ब्लॉक बसवलं. मी सांगत हुते, तर तुमी म्हनला, तुला काय कळतंय."

सुभेदारांना हे आठवेना. नवऱ्यांना अशा वेळी नेमकं आठवत नाही.

ते न्हाणीच्या कोपऱ्याशी टाचा जुळवून उभे राहिले आणि परेडच्या चालीनं नऊ पावलं टाकून थेट कुंपणाच्या भिंतीला भिडले. "घे रं सूरज, खण हितं."

"आवं, तुमची न्हवं," लीलाबाई म्हणाल्या. "माझी."

लुगड्याचा काठ जरासा उचलून त्या चालू लागल्या. घाई नाही, घोळ नाही. नवव्या पावलाला थांबल्या, टाचेनं ब्लॉक दाबला आणि म्हणाल्या, "हितं."

सूरजनं पहारीनं ब्लॉक उचकटले. वीतभर मुरूम उपसला आणि पहार टण्णकन वाजली. खाली सिमेंटचं झाकण होतं आणि त्याच्या मधोमध लोखंडी कडी.

सुभेदार वाकले आणि तसेच राहिले. भरती झाल्यावर घेतलेल्या त्यांच्या काळ्या ट्रंकेला अशाच दोन कड्या होत्या. एका सुट्टीला आले तर एक गायब. भंगारवाल्यानं लांबवली, असं ते आजवर पारावर शिव्यांसकट सांगत आले होते.

"ही तर माझ्या ट्रंकेची!"

"आधी उचला. मग बोलू."

कडीला धरून त्यांनी झाकण ओढलं. झाकण वर आलं; सिमेंटात बसलेली कडी तसूभर हलली नाही. आत पाइपाच्या तोंडाशी पांढुरका गोळा घट्ट बसला होता.

"काकू, चरबी हाय ही. मटणाची," सूरज म्हणाला.

दर रविवारी मटण करायचा मान सुभेदारांचा होता. पातेल्यातला तवंग सिंकमध्ये ओतायचाही. लीलाबाईंनी त्यांच्याकडं फक्त एकदा बघितलं.

सूरजनं तार घालून गोळा ओढला, घळघळ पाणी सुटलं आणि आत सिंक रिकामं झालं. सुभेदार मात्र झाकणापाशीच बसून होते.

"मला इचारायचं तरी," ते हळूच म्हणाले.

"कुनाला इचारू?" लीलाबाईंच्या आवाजात राग नव्हता; रडायचं होतं ते त्या तेव्हाच रडून मोकळ्या झाल्या होत्या. "गवंडी म्हनला, सिमिट वाळाय लागलंय, धराय कायतरी लोखंड द्या. घरात दुसरं काय न्हवतं. तुमीबी न्हवता."

सुभेदार बराच वेळ कडीवरची माती अंगठ्यानं पुसत राहिले. मग उठले.

"सूरज, ह्याच्यावर ब्लॉक बसवू नगंस," ते म्हणाले आणि बायकोकडं वळले. "ह्या घरात आनी कुठं काय पुरलंयस? मला काय म्हाईत न्हाई. दाव."

"या," लीलाबाई म्हणाल्या आणि काठ उचलून पुढं निघाल्या. सुभेदार मागोमाग चालू लागले, पावलं लहान करून.