अर्धा ठोकलेला खिळा

…खिळा तिच्या जिभेवर फिरला, टोक आत आणि डोकं बाहेर, ओठांच्या फटीत येऊन थांबला आणि हातोडीच्या तोंडाला खट्‌कन चिकटला. तिथं लोहचुंबक असतं. एक टोला, खुर्चीच्या लाकडात अर्धा. पहिले खिळे अर्धेच ठोकायचे, म्हणजे कापड तिरकं बसलंय असं वाटलं तर उपटून परत ताणता येतं. दुसरा खिळा. गालात अजून चिमूटभर होते आणि तोंडात लोखंडाची ती चव… सोळाव्या वर्षापासूनची, बाबांनी पहिल्यांदा खिळे तोंडात टाकायला दिले आणि म्हणाले, एखादा गिळलास तर खुर्ची तुझ्यावर ठोकीन, तेव्हापासूनची. हे आजपासून बंद, डॉक्टरीणबाई म्हणाली होती. बंद म्हणे. मी तुला म्हटलं, सुरी खाली ठेव, तर ठेवशील का गं?

तशी बाई बरी होती. वयाने पोरगीच, पण डोळ्यांत बघून बोलायची. जिभेच्या उजव्या कडेला तो चट्टा, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा… कॅन्सरच आहे, पण लवकर सापडलाय, असं एका दमात सांगून तिने चक्क स्वतःची जीभ बाहेर काढली आणि बोटाने दाखवलं, इथून इथवर. एवढी शिकलेली बाई आणि जीभ काढून बसलेली… हिला हसूच फुटलं होतं, बाजूला दादा रडवेला होऊन बसला होता तरी.

"खिळ्यांमुळे झालं का?" तिने विचारलं होतं.

"सांगता येत नाही. बहुतेक नाही. पण आता जखमेला टोचायला नको."

चट्टा काढायचा, त्याच्या भोवतीची बोटभर चांगली जागाही काढायची, सगळं तोंडातूनच, आणि कडा एकमेकींना शिवून टाकायच्या. जागा मोठी असती तर मनगटाजवळची कातडी काढून ठिगळ लावावं लागलं असतं, इथे लागणार नाही. चांगली जागा का कापायची, असं दादाने दोनदा विचारलं. तिने एकदाही नाही. विरलेलं कापड विरल्या कडेवर कापलं तर टाका धरतच नाही, आत घट्ट विणीपर्यंत जावंच लागतं. बोलणं थोडं बोबडं होईल, मग सुधारेल. होऊ दे. मी काय भाषणं ठोकायला जाते का कुठे?

जिभेचं भांडण नव्हतंच मुळी. भांडण होतं मानेचं.

मानेत गाठी असतात, सगळ्यांच्याच असतात. कॅन्सर जिभेतून निघाला की आधी तिथे जाऊन बसतो. फोटोत मान स्वच्छ दिसतेय, पण चट्टा खोलवर गेलाय, आणि फोटोत न दिसणारं काहीतरी तिथे असू शकतं. म्हणून त्याच वेळी उजव्या बाजूच्या गाठी काढाव्यात, बाई म्हणाली, माझा सल्ला तोच. किंवा औषध टोचून, ते पहिल्यांदा ज्या गाठीत जातं तेवढी काढून तपासायची… स्वच्छ निघाली तर बाकीच्या राहू द्यायच्या, नाही निघाली तर पुन्हा टेबलावर. किंवा काहीच न करता लक्ष ठेवायचं, पण मग उगवलं तर उशीर झालेला असेल.

"आणि गाठी काढल्या तर?"

"खांद्याची नस तिथूनच जाते. आम्ही ती जपतो. तरी खांदा काही दिवस जड होतो. हात वर जात नाही. व्यायामाने बहुतेकांचा सुधारतो."

बहुतेकांचा. उजवा खांदा… हातोडीचा. त्याच क्षणी तिने मनात ठरवून टाकलं होतं, मानेला हात लावायचा नाही.

आणि आता, तिसरा खिळा ओठांत असताना, फोन. दादा.

"चिमणे, मी बोललो डॉक्टरांशी. जिभेचं करून टाकू, मानेचं नको. आपलं ठरलंय."

तिने खिळे तळहातावर थुंकले. "आपलं म्हणजे कुणाचं?"

"अगं, घरातल्यांचं. तुझी वहिनीही म्हणाली. बाईमाणसाच्या मानेवर एवढा वण, लोक विचारतील."

"विचारतील, गळा कापायला कोण आलं होतं. सांगेन, भाऊ आला होता."

"तुझ्या तोंडाला कोण लागणार!"

"तेच कापतायत ना. थांब की दोन दिवस."

मग तो हळूच म्हणाला, "त्या बाई तुला फोन करणारेत. तुझ्याकडून ऐकायचंय म्हणे." आणि ठेवला.

संताप… इतका की खुर्चीला लाथ घातली तिने, गिऱ्हाइकाच्या, नव्या कापडाच्या. माझं उत्तर! मी अजून कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि हा ते खिशात घालून घेऊन गेला, वर त्याला स्वतःचं ते वणाचं कारण चिकटवून. वणासाठी! पन्नाशीची झाले मी, आणि ह्याला माझी मान लोकांना दाखवायला हवीये. मग आता काय… हो म्हणायचं? नुसतं त्याला खोटं पाडायला मान कापून घ्यायची? म्हणजे तरी तोच ठरवणार. तिला हे दिसत होतं, लख्ख दिसत होतं, आणि त्यामुळे राग आणखीच चढत होता, कारण आता तिचं 'नाही' तिला नीट तपासता येईना. हात लावला की त्याला दादाचा वास यायचा. आणि वणाखालून दुसरंच काहीतरी डोकं काढत होतं — की तिचं 'नाही'सुद्धा भीतीचंच होतं. खांद्याच्या.

शेजारच्या सुताराने रंधा थांबवला. खुर्च्यांचे सांगाडे तो करायचा, कापड ती चढवायची, दोघांचा एकच गाळा.

"ताई, लाथ लाकडाला बसली की कापडाला?"

"तुला बसेल. काम कर."

"दाढेचं काय झालं? काढली?"

"कसली दाढ?"

"मला वाटलं दाढ दुखतेय. तुमचा गाल आधी उजवीकडे फुगायचा खिळ्यांनी. हल्ली डावीकडे फुगतो ना. त्या लांब सोफ्याच्या आधीपासून."

तो सोफा तर… केव्हाचा. तेव्हा चट्टा नव्हताच. म्हणजे होता, मलाच माहीत नव्हता. तिने तळहातावरचे खिळे परत तोंडात टाकले, काही न ठरवता, नुसते टाकले, आणि बघितलं. गेले. डावीकडे, गपचूप, जणू कायमचे तिथेच राहत होते. एक खिळा पुढे आला, टोक आत, डोकं बाहेर. डाव्या कडेने. तीस-पस्तीस वर्षं उजव्या कडेने येत होता, आणि कधीतरी, तिला न विचारता, न सांगता, जिभेने घर बदललं होतं, आणि एकही खिळा चुकला नव्हता, एकही गिऱ्हाईक ओरडलं नव्हतं. चोरटी. मी इथे तुझ्यासाठी जगाशी भांडतेय, आणि तू केव्हाच शिकून मोकळी!

"काय झालं?" सुतार.

"गप." पण तिला हसू येत होतं, खिळे तोंडात असल्यामुळे नाकातून.

तिने हातोडी डाव्या हातात घेतली. परकी वाटली, जड, दुसऱ्याच कुणाची. खिळा चिकटवला. पहिला टोला लाकडावर, दुसरा उजव्या अंगठ्यावर… एक सणसणीत शिवी, बोबडी, खिळ्यांमधून. सुतार फिदीफिदी हसला.

"उजव्याने काय पाप केलंय?"

"बघतेय. हा किती मठ्ठ आहे ते."

तिसऱ्याला खिळा गेला. वाकडा, मान टाकलेला, बाबांनी बघितला असता तर उपटून तिच्याच हातात दिला असता. तिने हात लावला नाही. कापड तिथं थोडं सुरकुतलं होतं, धरून मात्र होतं.

फोन वाजायला लागला. डॉक्टरीणबाईचा नंबर. हो की नाही, तिला अजून माहीत नव्हतं. पण ते उत्तर आता दादाचंही नव्हतं आणि खांद्याचंही नव्हतं, तिच्या एकटीचं होतं, अर्धं ठोकलेलं, उपटता येईल असं, आत घालता येईल असं. आधी विचारायचं, त्या बहुतेकांमध्ये माझ्यासारखे किती होते, हातोडीवाले. मग बोलू.

तिने फोनवर उजवा हात ठेवला, ठणकणारा अंगठा वर करून, आणि ती जिभेने एकेक खिळा पुढे आणून डाव्या तळहातावर सोडायला लागली. फोन वाजत होता. वाजू दे. घाईत थुंकायला ती काही शेंगांची टरफलं नव्हती.