सगळं बरं हाय

आमच्या भागात लांबच्या माणसाला वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. आई गेली असली तरी पुण्यातल्या मुलाला म्हणायचं, "जरा बरं न्हाई तिला, येऊन जा." तो बिचारा नगरपर्यंत दवाखान्याच्या खर्चाचा विचार करत येतो, आणि गल्लीच्या तोंडाशी टोप्यांची गर्दी दिसली की त्याचं त्याला कळतं. शेजारी, जावई, गाडीचा ड्रायव्हर, सगळे त्यात सामील असतात. मला ही रीत कधी पटली नाही. पण पटली नाही म्हणून मी ती मोडलीही नाही.

देवळाली प्रवरात आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागून रामहरी अण्णांचं घर. अण्णा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. सारी नोकरी धुराड्याच्या सावलीत केली तेव्हा कधी शिंकले नाहीत, आणि निवृत्त झाल्यावर छातीनं सगळी वसुली सुरू केली. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की आमच्याकडं दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते, मळीचा वास थंडीत घरात शिरून बसतो. तेवढ्यानं अण्णांना दमा लागायचा. डॉक्टर म्हणाले, हंगामात इथं राहू नका. मुलगा ज्ञानेश्वर चाकणच्या कंपनीतर्फे मेक्सिकोत गेलेला, तो म्हणाला, इकडं या. तेव्हापासून दिवाळी झाली की नवराबायको मेक्सिकोला आणि शिमग्याला परत. गावात याची थट्टा व्हायचीच. लोक म्हणायचे, ऊसतोड करणारे थंडीत इकडं येतात आणि अण्णा तिकडं जातात.

अण्णांच्या बायकोला, झुंबरकाकूंना, त्या थट्टेचं काही वाटत नसे. परत आल्या की दळणाचा डबा वजनकाट्यावर ठेवून तासभर तिथल्या गमती सांगायच्या. "पंकजा, अगं, तिथं मक्याची भाकरी करत्यात, पन थापत न्हाईत. लोखंडात घालून दाबायची, झाली. आन निवडुंगाची भाजी खात्यात, काटं काढून." तिथल्या बाजारात बायका काकूंशी आपल्याच भाषेत बोलायला लागत. रंग तोच, अंगलट तीच, डोक्यावर पदरासारखी शाल, त्यामुळे काकू तिथल्याच वाटायच्या. काकूही बेधडक मराठीत भाव करून यायच्या. अण्णा सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसायचे, दुपारी नातवाला, पार्थला, शाळेतून आणायचे. संध्याकाळी दोघं नवराबायको कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चालत जायची. एवढंच त्यांचं मेक्सिको. अण्णा मोकळा श्वास घ्यायचे म्हणून काकूंना ते आवडायचं.

एक गोष्ट मात्र काकूंनी तिथंही सोडली नाही. दर रविवारी सकाळी कर्जतकडच्या त्यांच्या थोरल्या बहिणीशी, राहीआक्काशी, बोलणं. आई लवकर गेली, आक्कानंच त्यांना वाढवलं होतं. आक्काकडं तिची सून ज्योती फोन लावून द्यायची आणि इकडं अण्णा. काकूंकडं स्वतःचा मोबाईल नव्हता. कशाला हवा, अण्णांचा आहेच की, असं दोघांनाही वाटायचं.

त्या हिवाळ्यात मोनिकाला, म्हणजे त्यांच्या सुनेला, दुसऱ्यांदा दिवस गेलेले आणि ते भरतही आलेले. बाळंतपण काकूंनीच करायचं ठरलं होतं, मुलगी झाली. संक्रांतीच्या सुमारास राहीआक्का आजारी पडली. पोटात पाणी झालं, डॉक्टरांनी हात टेकले. ज्योतीनं अण्णांना फोन केला, म्हणाली, मावशींना द्या, सासूबाईंना बोलायचंय. अण्णांनी फोन दिला नाही. "ती तिकडून काय करनार? नुसती रडून आडवी पडंल. इथं बाळंतिणीचं घर हाय," असं त्यांनी ज्योतीला समजावलं. नंतर मला फोन करून म्हणाले, "पंकजा, तूबी काय बोलू नको. आलो की मी सांगतो." मी बरं म्हणाले. काकूंना त्यांनी सांगितलं, आक्काच्या गावचा टॉवर बंद पडलाय.

काही दिवसांनी आक्का गेली. ती बातमीही अण्णांकडंच आली आणि अण्णांपाशीच राहिली. काकूंनी नातीची अंघोळ-मालिश केली, सुनेला डिंकाचे लाडू केले. दर रविवारी विचारलं, "झाला का वं टॉवर सुरू?" आणि दर रविवारी अण्णा म्हणाले, "न्हाई अजून. बाकी बरं हाय सगळं." खोटं बोलायला माणूस कपटी असावा लागतो असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं अण्णांना पाहायला हवं होतं. इतका साधा माणूस. कारखान्यात कुणाची खोटी हजेरी लावली नाही कधी.

शिमग्याला दोघं आली. काकूंच्या बॅगेत आक्कासाठी घेतलेली लोकरीची शाल होती, गडद जांभळी, गोंडे लावलेली. आल्या आल्या कर्जतला जाऊ म्हणत होत्या. अण्णांनी आज दगदग नको, उद्या गाडी नाही, असं करत आठवडा काढला. मग एका सकाळी गिरणीत येऊन म्हणाले, "पंकजा, तू चल संगं. मला एकट्याला न्हाई व्हायचं." गाडीत बसल्यावर काकूंना म्हणाले, "आक्काला जरा बरं न्हाई."

मी काकूंच्या शेजारी बसले होते. त्या वाक्यावर त्यांनी अण्णांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. या भागात जन्मलेल्या बाईला 'जरा बरं नाही'चा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. कर्जतपर्यंत त्या मांडीवरच्या शालीचे गोंडे विंचरत बसल्या.

आक्काच्या घरी ओसरीवरच हार घातलेला फोटो होता. हारही जुना झाला होता, प्लास्टिकच्या फुलांवर धूळ बसलेली. काकू रडल्या नाहीत, त्या फोटोखाली जाऊन बसल्या. ज्योतीच मोठ्यानं रडायला लागली. तिला वाटत होतं काकूंना सगळं माहीत आहे. "मावशी, शेवटपर्यंत तुमचंच नाव हुतं तोंडात. झुंबरला लाव, झुंबरला लाव. म्या काकांना सारखी लावत हुते. ते म्हनले, ती नातीपाशी गुतलीय, तिला येळ न्हाई."

हे मलाही नवीन होतं. अण्णा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि खोकला आला.

काकू म्हणाल्या, "आक्काला काय सांगितलं मग तू?"

"तेच सांगितलं. मावशीला येळ न्हाई म्हनून."

काकूंनी शाल ज्योतीच्या हातात दिली. येताना गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या. मिरजगाव मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "टॉवर कवा बंद पडला हुता?"

अण्णा म्हणाले, "पडलाच न्हवता."

त्यानंतर त्यांच्या घरात भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. भिंत पातळ आहे, मला ऐकू आलं असतं. पण काकू वेळेवर चहा द्यायच्या, अण्णांच्या गोळ्या काढून ठेवायच्या, वाफेचं पाणी तापवायच्या. बोलणं तेवढं बंद झालं. विचारलं तर 'व्हय' किंवा 'न्हाई'. अण्णा उन्हाळाभर गिरणीच्या पायरीवर येऊन बसायला लागले. एकदा म्हणाले, "म्या तिच्या भल्यासाठीच केलं ना गं?" मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी म्हणाले, "अण्णा, भलं तुमी तुमचं बगितलं. तिचं रडनं तुमाला बगवलं नसतं म्हनून केलं." ते उठून गेले. दोन दिवसांनी परत येऊन बसले. दुसरीकडं कुठं बसणार?

दिवाळी आली तशी ज्ञानेश्वरनं दोन तिकिटं काढली. काकू म्हणाल्या, मी येणार नाही. मुलानं फोनवर विनवलं, सुनेनं विनवलं. काकूंनी अण्णांची एकट्याची बॅग भरली. अण्णाही राहतो म्हणाले, पण कारखान्याचा बॉयलर पेटला आणि चार दिवसांत त्यांचे ओठ निळे पडले. गेले नसते तर मेले असते, हेही खरंच आहे.

निघताना गाडीपाशी आम्ही सगळे उभे होतो. काकू पदर खोचून पुढं आल्या आणि अण्णांकडं न बघता मला म्हणाल्या, "पंकजा, मला काय झालं तर ह्यांना कळवू नको. ते तिकडून काय करनार? नुसतं घाबरतील."

आवाज अगदी नेहमीचा होता, दूध किती घ्यायचं ते सांगावं तसा. अण्णा नुसतं "अगं" म्हणाले. गाडीचं दार मीच लावलं.

जाताना अण्णांनी काकूंसाठी नवा मोबाईल घेतला होता. काकूंनी तो गिरणीत माझ्या गल्ल्यापाशी आणून ठेवला. "तूच उचल," म्हणाल्या. त्यामुळे रोज सकाळी, मी गिरणी उघडायच्या सुमाराला, तिकडं रात्रीची जेवणं झाली की अण्णांचा फोन मला यायचा.

"बरी हाय ना?"

"बरी हाय."

"दे ना तिच्याकडं."

मी भिंतीवरून हाक मारायची. पलीकडून उत्तर यायचं, "सांग, सगळं बरं हाय." ते मी सांगायची.  मग अण्णा विचारायचे, "तू बगितलं का तिला आज? सोता बगितलं?" पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर समजलं, या माणसाला 'बरं हाय' या शब्दांवर आता कधीच विश्वास ठेवता येणार नाही. हे शब्द कसे बोलतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग मी त्यांना पुरावे द्यायला लागले. काकूंनी आज मेथी निवडली, गोधडी उन्हात टाकली, दळणात खडा निघाला म्हणून मला झापलं. तेवढं ऐकून ते फोन ठेवायचे.

पौषात काकूंना ताप आला. अंगावर काढला. दोन दिवस त्यांनी भिंतीपलीकडून ओ दिली पण दार उघडलं नाही म्हणून मी मागच्या दारानं आत गेले, तर श्वासाबरोबर छातीत शिट्टी वाजत होती. आमच्या ह्यांनी गाडी काढली, श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं भरलीत, उशीर केला, मुलाला बोलवून घ्या. नवऱ्याची छाती वाचवायला सगळी थंडी तिकडं काढणाऱ्या या बाईची स्वतःची छाती कुणी तपासलीच नव्हती. मीही नाही.

मी काकूंच्या कानाशी म्हणाले, "काकू, मी आता अण्णांना सांगते."

त्यांनी डोळे उघडले. ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. ज्ञानेश्वरलाबी न्हाई सांगायचं."

"काकू, असा सूड घेऊ नये गं मानसानं."

"सूड न्हाई," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ नुसता दम खात राहिल्या. "आक्का माझी वाट बगत गेली, पंकजा. तिला वाटलं, झुंबरला येळ न्हाई. ते मला आता वर जाऊन बी सांगता यायचं न्हाई, असं न्हवतं म्हनून. ह्यांना कळाया पायजे, आसं वाट बगत बसल्यावर कसं हुतं."

सकाळी खाटेशेजारी मोबाईल वाजला. अण्णांचा होता. खिडकीतून ऊन काकूंच्या पायावर पडलं होतं, नर्स नुकतीच सलाईन बदलून गेली होती. काकू शुद्धीत होत्या. बोलता येत होतं. मी फोन उचलला, काकूंचा मास्क खाली केला आणि फोन त्यांच्या तोंडाशी धरला. मनात म्हटलं, शपथ गेली खड्ड्यात, दोघांनी एक शब्द बोलावा.

"बरी हाय ना गं?" अण्णांचा आवाज बाहेर आला, मोठा, स्पष्ट.

काकूंनी तो आवाज ऐकला. डोळ्यांतून पाणी आलं, कानाकडं वाहिलं. त्यांचा हात फोनकडं गेला. मला वाटलं, धरतील. त्यांनी तो हळूच माझ्याकडं सरकवला आणि पुटपुटल्या, "सांग त्यांना, टॉवर बंद पडलाय."

मी फोन कानाला लावला. मला काहीही सांगता आलं असतं. पण काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या, अगदी त्या गाडीत बघितलं होतं तशा. तेव्हा मी नजर चुकवली होती. या वेळी चुकवता आली नाही.

"अण्णा," मी म्हणाले, "इथला टॉवर बंद पडलाय."

 फोन चालू होता. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, तिथल्या स्वच्छ हवेतही तो आता घरघरत होता. त्यांना सगळं समजलं होतं. मागून नातीचं रडणं आलं, भांडी वाजली, आणि ज्ञानेश्वरनं विचारलं, "काय म्हणतात घरी, अण्णा?"

 अण्णा त्याला म्हणाले, "काय न्हाई. सगळं बरं हाय."