खडूचे बाण

"बाण कुठं गेले गं?" मामांनी पत्र्यावरून बोट फिरवत विचारलं, आणि माझं फडकं जागच्या जागी थांबलं.

कारखान्यातला आज त्यांचा शेवटचा दिवस. म्हणून मी हौसेनं त्यांचं टेबल लखलखीत केलं होतं. त्या भरात पत्र्याच्या चौकोनी तुकड्यांवरचे खडूचे बाणही पुसून टाकले. आठ वर्षं त्यांच्या शेजारी काम करून ही माझी अक्कल!

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रुळांमधून दाबून काढतात, तेव्हा त्याला लाकडासारखी एक दिशा येते. त्या दिशेला आडवी घडी घातली, तर तो निमूट वाकतो. तिच्याच रेषेत घातली, तर घडीवर तडकतो. अख्ख्या पत्र्यात ती दिशा लांबीकडं असते, म्हणून तुकडे कापायच्या आधीच मामा बाण काढून ठेवायचे. हे चाळीस तुकडे दवाखान्यातल्या खाटांच्या कठड्यांसाठी होते, आणि संध्याकाळी गाडी येणार होती. चारही बाजू सारख्या. आता ओळखायचं कशावरून?

"मामा, तुमच्या शेवटच्या दिवसाची मी पार वाट लावली," मी म्हटलं. रडूच फुटायचं बाकी होतं.

"रड नंतर. आधी तुकडे सरकव इकडं."

त्यांनी डोळे मिटले. अंगठ्याचं नख तुकड्यावरून एकदा उभं फिरवलं, एकदा आडवं. "आडवं जाताना किंचित खरखरतं बघ. मार बाण."

मला काही खरखरलं नाही. पण मी बाण मारत गेले. एक तुकडा जादाचा होता, तो मामांनी मुद्दाम बाणाच्याच रेषेत वाकवायला लावला. कट्ट! घडीवर तडा गेला. बाकीचे चाळीसच्या चाळीस शहाण्यासारखे वाकले. मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

"दोन वर्षं झाली, मला तुझा खडूबिडू काही धड दिसत नाही," मामा हळूच म्हणाले. "मामीला सांगू नकोस, चष्म्यासाठी मागे लागेल."

"मग रोज बाण कशाला काढत होतात?"

"तुमच्यासाठी. मी काय जन्मभर इथं बसणार होतो?"

सोमवारी त्यांचं स्टूल रिकामं होतं. मी भंगारातला एक तुकडा घेतला, डोळे मिटले, नख फिरवलं आणि ऐटीत वाकवला. तडकला! एकटीच खो खो हसले. मग नवा पत्रा कापायच्या आधी मामांचा खण उघडून खडू काढला. बोटाच्या पेराएवढाच उरला होता.